वर्षानुवर्षे माहेरी राहणाऱ्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते का?

ताई, आपले पती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पंचांसमोर शंभराच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी झाली, ते आता दुसरीसोबत राहतात आणि आपण चाळीसगावला माहेरी आहात. त्यांच्या पश्चात पेन्शन कोणाला, असे आपण विचारले आहे. जळगावला वकिली करताना हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो.

1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नोकरीस लागलेल्यांना 1982 चे निवृत्तिवेतन नियम लागू आहेत, आणि त्यांनुसार मृत्यूच्या दिवशी जी कायदेशीर पत्नी असेल तिचा हक्क पहिला. ती नांदत होती की नाही, हे त्यात पाहिले जात नाही. न्यायालयाने न्यायिक विभक्तता, म्हणजे घटस्फोट न होता वेगळे राहण्याची मुभा, दिली तरी विवाह कायमच राहतो. तो संपतो घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने. स्टॅम्पवरील सोडचिठ्ठीला हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 मुळे वजन येते, पण समाजात तशी जुनी रूढी असल्याचे सिद्ध झाले तरच. खान्देशात काही समाजांत ती खरोखर आहे, त्यामुळे तो कागद अगदीच निरुपयोगी समजू नका. मात्र रूढी सिद्ध करण्याची जबाबदारी तिचा आधार घेणाऱ्यावर असते.

पहिला विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह शून्य, म्हणजे कायद्याने झालाच नाही असा, ठरतो, आणि अशा पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. तिच्या मुलांची गोष्ट वेगळी. कायदा त्यांना औरस मानतो. मृत्युपत्र करून ही पेन्शन दुसऱ्या कोणाला देता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितले आहे.

खरा धोका परस्पर संमतीच्या घटस्फोटात आहे. ‘एकदाचे मोकळे व्हा’ म्हणून नातेवाईक सही करायला लावतात, आणि हुकूमनामा झाला की आपण विधवा ठरत नाही, म्हणजेच पेन्शनही जाते. घटस्फोट घ्यायचाच असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खालील कायम पोटगीची रक्कम ठरवताना हा तोटा हिशेबात धरायला लावा. ‘पेन्शनला हात लावता येत नाही’ या धाकालाही भिऊ नका. 1871 च्या पेन्शन कायद्याचे ते संरक्षण सावकारी देण्यापुरते आहे, पत्नीच्या पोटगीविरुद्ध ते चालत नाही, असे न्यायालयांनी म्हटले आहे.

आता पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, पत्नी म्हणून कोणाचे नाव व कोणाचा फोटो आहे, ते पंचायत समितीत तपासा. लग्नाचा पुरावा जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत नोंदवा आणि पोच घ्या.