मनगटावरचा बिंदू नेमका कुठे?

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलीला घाटात गाडी लागते. मनगटावरचा चिनी बिंदू दाबला की मळमळ थांबते असं ऐकून आम्ही तो दाबून पाहिला, पण उपयोग झाला नाही. काय चुकलं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : बहुधा मोजताना बोटं तुमची वापरलीत! अॅक्युपंक्चरमधलं ‘त्सुन’ हे माप ज्याच्या-त्याच्या शरीराचं असतं. ‘नेइग्वान’ हा बिंदू मनगटाच्या आतल्या घडीपासून कोपराकडे दोन त्सुनांवर येतो, म्हणजे मुलीची स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जुळवून आडवी ठेवल्यावर जेवढी रुंदी होते, तेवढा वर. मोठ्यांची तीन बोटं साडेचार-पाच सेंटिमीटर भरतात, तिथेच घोळ होतो. पडताळा सोपा आहे. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंत बारा त्सुन धरतात. हे अंतर 18 सेंटिमीटर असेल तर त्याचा सहावा भाग, म्हणजे 3 सेंटिमीटर.

मूठ वळून मनगट किंचित आत वाकवलं की दोन कंडरा दोऱ्यांसारख्या वर येतात. बिंदू त्यांच्यामधल्या खाचेत. काहींच्या हातात त्यातली एक कंडरा जन्मतःच नसते. मग हाताची मधली रेघ धरा. अंगठा सरळ रोवून प्रत्येक हातावर दोन-तीन मिनिटं दाबा. बोथट ठणका जाणवला तर ठीक, बोटांत मुंग्या आल्या तर खालची नस दबतेय, जोर कमी करा. सुरुवात घाट लागण्याआधी करा. उलटी तोंडाशी आल्यावर दाबून फारसं काही होत नाही. बिंदूवर दाब देणारा बटणाचा पट्टा वापरलात तर तो घड्याळासारखा मनगटाच्या हाडावर घसरू देऊ नका.

शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूचा उपयोग बऱ्याच चाचण्यांत दिसला आहे. प्रवासातल्या मळमळीबाबत मात्र निष्कर्ष उलटसुलट आहेत. म्हणून पुढची सीट, लांबवर नजर आणि मोबाइल बंद, हे सोडू नका.

प्रश्न : अॅक्युपंक्चरच्या सुया नव्या आहेत हे कसं ओळखावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, त्यावर निर्जंतुक असल्याची नोंद आणि मुदत बघा. वापरलेली सुई थेट जाड प्लॅस्टिकच्या डब्यात गेली पाहिजे. ‘उकळून घेतल्यात’ असं उत्तर मिळालं तर उठून या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल तर आधीच सांगा. उपाशीपोटी जाऊ नका, सुई टोचताना चक्कर येते ती बऱ्याचदा त्यामुळेच.