थंड अणू, लेझर आणि पुढची वाट

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात असताना तू दोन प्रश्न विचारले आहेस. निरपेक्ष शून्याजवळ नेलेल्या थंड अणूंमधलं आकर्षण-प्रतिकर्षण लेझरने बदलण्याच्या विषयात काम करायचंय, गणित चांगलं आहे पण प्रयोगशाळेत हात बिचकतो, मग थिअरी घ्यावी का? आणि चुंबकीय क्षेत्राने हे 1998 पासून जमतंय, तर आता उरलंय काय?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चुंबकीय क्षेत्र कॉइलमधून येतं. ते सगळ्या अणूंवर जवळपास सारखंच पडतं आणि झटकन बदलत नाही. प्रकाश मायक्रोसेकंदात चालू-बंद होतो, मायक्रॉनएवढ्या जागेवर पाडता येतो. शिवाय स्ट्रॉन्शियम, यिटर्बियम यांच्या मूळ अवस्थेत इलेक्ट्रॉनांचं चुंबकत्वच नसतं, तिथे नेहमीची चुंबकीय युक्ती चालत नाही.

अडचण मात्र चिवट आहे. लेझर टकरणाऱ्या दोन अणूंना उत्तेजित रेणूच्या अवस्थेशी जोडतो आणि त्यामुळे स्कॅटरिंग लेंग्थ, म्हणजे अणू एकमेकांना किती ओढतात किंवा ढकलतात ते सांगणारा आकडा, बदलते. पण त्या रेणूने फोटॉन सोडला की अणू सापळ्यातून निसटतात. लेझरची वारंवारता अनुनादाजवळ, म्हणजे त्या रेणूच्या अवस्थेशी नेमकी जुळणाऱ्या वारंवारतेजवळ, ठेवली तर परिणाम मोठा आणि अणू गायब. दूर नेली तर नुकसान परिणामापेक्षा वेगाने घटतं, पण मग लेझरची ताकद वाढवावी लागते. ही कल्पना 1996 मध्ये मांडली गेली, 2004 मध्ये रुबिडियमच्या बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेटवर (सगळे अणू एकाच क्वांटम अवस्थेत असलेल्या अतिथंड वायूवर) दाखवली गेली. नुकसान कमी कसं ठेवायचं हा प्रश्न तरी पिच्छा सोडत नाही. काम भरपूर आहे, काळजी नको.

आता थिअरी की प्रयोग. रेणूंच्या ऊर्जापातळ्या आणि टकरींचं गणित करणारी माणसं इथे हवीच असतात. पण हात बिचकतो म्हणून थिअरी, हे कारण मला पटत नाही. हात सवयीने बसतो. एका सुट्टीत लेझर प्रयोगशाळेत प्रोजेक्ट कर. तिथे बहुतेक वेळ लेझर लॉक करण्यात (त्याची वारंवारता स्थिर ठेवण्यात), आरसे जुळवण्यात आणि इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट शोधण्यात जातो. त्याचा कंटाळा आला तर खुशाल थिअरीकडे वळ.

तोवर एक कर. लेनर्ड-जोन्स पोटेन्शियलमधल्या (दोन अणूंमधल्या ओढीचं आणि ढकलण्याचं सोपं सूत्र) दोन अणूंसाठी श्रोडिंगर समीकरण पायथॉनमध्ये सोडव, पोटेन्शियलची खोली हळूहळू वाढव आणि स्कॅटरिंग लेंग्थचा आलेख काढ. नवी बद्ध अवस्था, म्हणजे दोन अणू एकमेकांना धरून राहतात अशी अवस्था, तयार होते तिथे स्कॅटरिंग लेंग्थ अनंताकडे झेपावते. हे का होतं ते स्वतः समजून घे. प्राध्यापकांना प्रोजेक्टसाठी मेल पाठवशील, तेव्हा गुणपत्रिकेबरोबर तो आलेखही जोड.