'आय-जी-एच-टी'ने संपणारे पाच अक्षरी इंग्रजी शब्द : यादी आणि ती वापरण्याची रीत

आपला प्रश्न असा आहे की, वर्डलमध्ये (सहा प्रयत्नांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ; हिरवे अक्षर योग्य जागी असते, पिवळे शब्दात असते पण दुसऱ्या जागी, आणि करडे शब्दात नसते) तिसऱ्याच प्रयत्नात 'साइट' (एस-आय-जी-एच-टी) लिहून शेवटची चार अक्षरे हिरवी झाली, तरी पुढचे तिन्ही प्रयत्न वाया गेले; तेव्हा या नमुन्यात बसणारे सगळे पाच अक्षरी शब्द कोणते? यादी देतो, पण हा डाव शब्द आठवले नाहीत म्हणून हरला जात नाही. उरलेले प्रयत्न कसे खर्च करायचे हे न ठरवल्यामुळे तो हरला जातो, म्हणून उत्तराचा अधिक भाग त्यावरच आहे.

नेहमीच्या वापरातले शब्द आठ आहेत : फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट आणि एट. यांतला शेवटचा, म्हणजे आठ या संख्येचा 'ई-आय-जी-एच-टी', सर्वांत जास्त वेळा निसटतो, कारण आपण मनातल्या मनात यमक जुळवत शब्द शोधतो आणि हा शब्द बाकीच्यांशी यमकात बसत नाही. याच्या उलट, कानाला 'राइट' आणि 'नाइट' ऐकू येणारे आणखी शब्द आहेत, पण डब्ल्यूने सुरू होणाऱ्या, लिहिणे या अर्थाच्या 'राइट'मध्ये जी-एच नाही, आणि सरदार या अर्थाचा 'नाइट' केने सुरू होऊन सहा अक्षरांचा होतो. म्हणून उच्चार बाजूला ठेवून, मोकळ्या जागेत ए ते झेड एकेक अक्षर क्रमाने ठेवून पाहावे. याला मिनिटभरसुद्धा लागत नाही. तसे केल्यास 'बाइट' (बी-आय-जी-एच-टी, किनाऱ्याचा आत वळलेला रुंद बाक, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचा ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट नकाशात सापडतो) आणि डब्ल्यूने सुरू होणारा, प्राणिमात्र या अर्थाचा जुना शब्द 'वाइट' हेही हाती लागतात. डी आणि एचने सुरू होणारे दोन शब्द मोठ्या शब्दकोशांत आहेत, परंतु ते वापरातून इतके गेलेले आहेत की स्क्रॅबलच्या पटाबाहेर त्यांचा उपयोग नाही.

एकाच साच्याचे इतके शब्द असणे हा योगायोग नव्हे. जुन्या इंग्रजीत या शब्दांत टीच्या आधी घशातून किंवा टाळूजवळून घासत येणारा एक ध्वनी होता. जर्मन भाषेत तो अजून आहे : रात्रीला नाख्ट, प्रकाशाला लिख्ट, आठाला आख्ट. मध्ययुगात हा ध्वनी लिहिण्यासाठी जी-एच ही जोडी रूढ झाली. पुढे इंग्लंडच्या प्रमाण उच्चारातून तो ध्वनी गेला आणि मागे लेखन तेवढे उरले. 'डिलाइट' हा शब्द तर फ्रेंचमधून आलेला; त्यात तो ध्वनी कधीच नव्हता, पण 'लाइट'च्या देखादेखी त्यालाही जी-एच चिकटले.

आता खेळाकडे वळू. 'साइट' चुकल्यावर आपल्यापुढे नेहमीचे सात शब्द होते आणि प्रयत्न तीन. एकामागून एक शब्द लिहीत गेल्यास जिंकण्याची शक्यता सातात तीन. त्याऐवजी चौथ्या प्रयत्नात उत्तर असूच शकत नाही असा, पण मोकळ्या जागेची अनेक अक्षरे एकदम तपासणारा शब्द लिहावा. इथे 'फ्लेम' (एफ-एल-ए-एम-ई) उत्तम बसतो. एफ हिरवा झाला तर 'फाइट'. एल, एम किंवा ई पिवळा झाला तर अनुक्रमे 'लाइट', 'माइट' किंवा 'एट'. काहीच रंगले नाही तर एन, आर आणि टी उरतात, आणि त्यांच्यासाठी पाचवा शब्द 'ट्रेंड' (टी-आर-ई-एन-डी). पहिला टी हिरवा झाल्यास 'टाइट', आर पिवळा झाल्यास 'राइट', एन पिवळा झाल्यास 'नाइट'. टी नुसता पिवळा दिसला तर त्यातून नवे काही कळत नाही, कारण शब्दाच्या शेवटी टी आहे हे आधीच माहीत असते. मात्र आर आणि एन दोन्ही करडे राहिले तर डब्ल्यू आणि बीकडे वळावे. सहावा प्रयत्न उत्तरासाठी शिल्लक राहतोच.

'ए-टी-सी-एच' या शेवटालाही हीच युक्ती लागू पडते. बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच या सातांसाठी आधी 'क्लॅम्प' लिहावा. तो सी, एल, एम आणि पी एका दमात तपासतो. त्यातून काही निघाले नाही तर 'ब्रॉल' (बी-आर-ए-डब्ल्यू-एल) लिहिल्यावर बी, डब्ल्यू आणि एच यांचा निकाल लागतो.

अनवट शब्दांची भीती बाळगू नये. खेळाचे कर्ते जॉश वॉर्डल यांनी सुमारे 12,000 पाच अक्षरी शब्दांतून परिचित असे सुमारे 2,500 शब्द त्यांच्या जोडीदार पलक शाह यांच्याकडून निवडून घेतले होते, आणि उत्तरे त्यांतूनच येत असत. जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकत घेतल्यानंतरही कल परिचित शब्दांकडेच राहिला आहे. केवळ अंदाज म्हणून स्वीकारल्या जाणाऱ्या शब्दांची यादी मात्र पुष्कळ मोठी आहे, आणि तपासणीसाठी तिचा निःसंकोच उपयोग करावा.

आपण 'हार्ड मोड' लावून खेळत असाल तर वरील उपाय चालणार नाही, कारण तिथे हिरवी अक्षरे जागच्या जागी ठेवणे सक्तीचे असते. तिथे सावधगिरी आधीच बाळगावी लागते : आय आणि टी हाती आल्यावर लगेच 'आय-जी-एच-टी' पक्के करू नये, मिळालेल्या खुणा पाळणारा, पण एफ, एल, एम, एन, आर यांपैकी दोनतीन अक्षरे सामावणारा दुसरा शब्द आधी लिहावा. असा शब्द दर वेळी सापडेलच असे नाही, आणि माझ्या मते हार्ड मोडमध्ये या साच्याशी गाठ पडल्यावर थोडे नशीब लागतेच.