मायग्रेशनच्या कोडला हात लावण्याआधी

खानापूरहून रोज बेळगावला येतोस, तेव्हा रेल्वेत वाचायला सांगतो. तू क्यूईएमयूचा (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारा प्रोग्राम) मायग्रेशनचा, म्हणजे चालू व्हीएम एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवण्याचा, सी कोड रिफॅक्टर करणार आहेस, म्हणजे वागणूक तीच ठेवून मांडणी सुधारणार आहेस. तर आधी त्यातले स्ट्रक्ट (फील्डचे गट) दोन ढिगांत वेगळे कर. एक, जे जसेच्या तसे नेटवर्कवरून जातात. दुसरे, जे फक्त आपल्या मेमरीत राहतात. पहिल्यांना हात लावायचा नाही. फील्डचा क्रम बदललास तर समोरचं जुनं क्यूईएमयू पॅकेट चुकीचं वाचेल, आणि चालू व्हीएम अर्ध्या वाटेत अडकेल. रिफॅक्टर करायचं ते दुसऱ्या ढिगाचं.

आता अलोकेशन, म्हणजे मेमरीत जागा घेणं. ८ जीबी मेमरीच्या गेस्टमध्ये, म्हणजे हलवायच्या व्हीएममध्ये, ४ केबीची २०,९७,१५२ पानं. मल्टीएफडीच्या (एकाच वेळी अनेक चॅनलवरून पानं पाठवण्याची सोय) एका पॅकेटमध्ये १२८ पानं, म्हणजे सगळी पाठवली तर पहिल्याच फेरीत १६,३८४ पॅकेटं. त्या लूपमध्ये मॅलॉक, म्हणजे दर वेळी नवी जागा मागणं, नको. गणपत गल्लीत भाजी घेताना प्रत्येक पेंडीला नवी पिशवी कुणी घेतं का? चॅनल सुरू होताना एकदा जागा घे, तीच वापरत राहा.

पानांच्या ऑफसेटसाठी (पान मेमरीत कुठे आहे ते आकडे) वेगळा पॉइंटर ठेवण्यापेक्षा स्ट्रक्टच्या शेवटी फ्लेक्सिबल ॲरे, म्हणजे लांबी आधी न ठरवलेली यादी, मला जास्त आवडतो: एक अलोकेशन, एक फ्री. मात्र साइझऑफमध्ये (स्ट्रक्टचा आकार सांगणारा ऑपरेटर) ॲरेची लांबी धरलेली नसते, आणि स्ट्रक्ट नुसतं असाइन केलंस तर ॲरे मागेच राहतो. माझा एक आख्खा रविवार त्यात गेला आहे.

घेतलेल्या जागेची मालकी कुणाची, हे कॉमेंटमध्ये लिही. मायग्रेशनचा थ्रेड भरतो, चॅनलचा थ्रेड पाठवतो. फ्री कोण करणार? मायग्रेशन मध्येच रद्द करून ॲड्रेससॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून बघ. जुन्या क्यूईएमयूकडून नव्याकडे आणि उलटही मायग्रेशन चालव. पॅच, म्हणजे पाठवायचे बदल, छोटे ठेव, नाव बदलणं आणि वागणूक बदलणं एकत्र नको. अडलास तर संध्याकाळी टिळकवाडीत ये, बसून बघू.