शेक सुरू होण्याआधी लेझर: तोंड येऊ नये म्हणून

प्रश्न : वडिलांच्या गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. सोमवारपासून ३० शेक (रेडिएशन) आहेत. लेझर लावला तर तोंड येत नाही, हे खरं का? तोंड आल्यावर लावला तर चालेल का?

उत्तर : अजिबात येत नाही असं नाही, पण त्रासाचा जोर खूप कमी होतो. डोकं-मानेच्या शेकासाठी (सोबत केमो असो वा नसो) आणि बोनमॅरो प्रत्यारोपणाआधीच्या मोठ्या केमोसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत कमी ताकदीच्या या लेझरची शिफारस आहे.

आल्यावर लावूही शकता, पण खरा फायदा पहिल्या शेकापासून आहे. शेकात साधारण दुसऱ्या आठवड्यात तोंड लाल होऊन चरचरू लागतं आणि तिसऱ्यात व्रण पडतात. व्रण दिसतो तेव्हा तोंडाच्या आतल्या आवरणाच्या तळाशी तयार होणाऱ्या नव्या पेशी आधीच मेलेल्या असतात. लाल प्रकाश पेशींतल्या ऊर्जाकेंद्रांना चालना देतो आणि सूज आवरतो, म्हणून पेशी जिवंत असतानाच तो पोचायला हवा. आठवड्याचे पाचही दिवस, शेकाला जाण्याआधी.

प्रश्न : आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे लेझर आहे. पाच मिनिटांत तोंडभर फिरवून देतो म्हणतात.

उत्तर : आधी तीन आकडे विचारा : प्रकाशाची तरंगलांबी, दर चौरस सेंटिमीटरला मिलिवॅट आणि एका ठिकाणी किती सेकंद. मणिपालच्या संशोधकांच्या २०१२ मधल्या अभ्यासात ६३२.८ नॅनोमीटरचा लेझर होता, ताकद दर चौरस सेंटिमीटरला २४ मिलिवॅट. १२५ सेकंद धरला की दर चौरस सेंटिमीटरला ३ जूल ऊर्जा होते. असे १२ बिंदू म्हणजे २५ मिनिटं. ६६० नॅनोमीटरचं, दर चौरस सेंटिमीटरला ४१७ मिलिवॅटचं यंत्र १० सेकंदांत दर चौरस सेंटिमीटरला ४.२ जूल देतं, तिथे एका ठिकाणाला वेळ खूप कमी लागतो. म्हणजे नुसत्या मिनिटांवरून काही ठरत नाही. मात्रा वाढवूनही उपयोग नाही, ठरावीक मर्यादेपुढे परिणाम उलट घटतो. हिरडी कापायचा लेझर वॅटमध्ये चालतो आणि तो त्याच सेटिंगवर लावला तर भाजेल.

यंत्र बरोबर असूनही फसतं ते हातामुळे. टोक टेकवण्याऐवजी लांबून धरलं की प्रकाश पसरतो. लाळ पुसली नाही किंवा टोकावर जाड प्लॅस्टिक गुंडाळलं की तो अडतो. ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, जिभेच्या कडा व खालचा भाग, जिभेखालची जागा, मऊ टाळू हे सगळं व्हायला हवं. घाईत राहून जाते ती जिभेखालची जागा. यंत्राची ताकद काळानुसार उतरते, ती मीटरने तपासतात का तेही विचारा.

गुटख्यामुळे तोंड आधीच कमी उघडत असेल तर टोक मागपर्यंत जात नाही. अशा वेळी गालावर बाहेरून, ७८० ते ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा, जास्त खोल जाणारा लेझर लावता येतो. ही अडचण पहिल्याच भेटीत सांगा.

प्रश्न : या प्रकाशाने गाठ पुन्हा वाढणार तर नाही ना?

उत्तर : रुग्णांवरच्या आतापर्यंतच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. तरी जिथे गाठ अजून आहे तिथे थेट लेझर धरू नये. कोणती जागा टाळायची हे शेक देणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्या तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा चष्मा रुग्ण आणि लावणारा दोघांनीही घालायचा, साधा गॉगल नको.

प्रश्न : बहिणीला ५-एफयू (केमोचं औषध) सुरू आहे, इथे लेझर नाही.

उत्तर : औषध झटक्यात शिरेतून देत असतील तर बर्फ. सुई देण्याआधी ५ मिनिटं बर्फाचे तुकडे तोंडात घोळवायला सुरुवात करायची, एकूण ३० मिनिटं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तोंडात कमी पोचतं. पंपावर दोन दिवस चालणाऱ्या औषधाला हा उपाय पुरत नाही, आणि ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं दुसरं औषध सोबत असेल तर बर्फ नकोच. त्या औषधात थंडीने घशाला झिणझिण्या येऊन श्वास कोंडल्यासारखं वाटतं.

पेलाभर (२५० मिली) कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दर २-३ तासांनी चूळ भरा, गिळू नका. मऊ ब्रश सोडू नका. तोंडात व्रण असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर सकाळची वाट न बघता रात्रीच रुग्णालय गाठा.