रेकॉर्ड प्लेअरमागची घूं घूं

प्रश्न : वडिलांचा जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून नव्या ॲम्प्लिफायरला जोडला आहे. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा आवाजही त्याच ॲम्प्लिफायरमधून ऐकतो. रेकॉर्ड लावलेली नसतानाही सतत ‘घूं’ असा आवाज येतो आणि पंखा मंद केला की त्यात चरचर मिसळते. दुकानदार म्हणतो, महाग शिल्डेड (तांब्याच्या जाळीचे आवरण असलेली) वायर घ्या, नाहीतर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. काय करावे? भिंतीचे काम निघणारच आहे, तर स्पीकरच्या वायरी विजेच्याच पाइपातून नेता येतील का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : पिन काढू नका. तसे केल्याने घूं बहुधा थांबेल, आणि म्हणूनच हा सल्ला इतका पसरला आहे. परंतु उद्या ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड होऊन त्याच्या धातूच्या पेटीत वीज उतरली, तर ती जमिनीकडे नेणारी वाटच उरणार नाही.

आता कारण शोधू. सेट-टॉप बॉक्सला येणारी गच्चीवरची किंवा केबलवाल्याची वायर मिनिटभर काढून ठेवा. घूं थांबली, तर दोष अर्थिंगच्या वेटोळ्याचा आहे. त्या वायरीचे बाहेरचे आवरण एका ठिकाणी जमिनीला जोडलेले असते, तुमचा ॲम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगमधून दुसऱ्या ठिकाणी, आणि या दोन जागांमधल्या किंचित विद्युतदाबाच्या फरकामुळे ५० हर्ट्झचा, म्हणजे घरच्या विजेच्याच वारंवारतेचा, प्रवाह नेमका तुमच्या ऑडिओ वायरीच्या आवरणातून वाहू लागतो. ते आवरण संगीताच्या संकेताचीही परतीची वाट असल्याने घूं संगीतात मिसळते, आणि महाग वायर घेऊनही ती वाट तशीच राहते. सेट-टॉप बॉक्सला ऑप्टिकल आउटपुट असेल तर ते वापरावे, कारण त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. नसेल तर ऑडिओ वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (संकेत पुढे देणारा, पण दोन्ही बाजूंची तारेची थेट जोडणी तोडणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बसवावा. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर ठेवल्यानेही बराच फरक पडतो.

वायर काढूनही घूं राहिली, तर संशय रेकॉर्ड प्लेअरवर घ्यावा. त्याच्या सुईकडून येणारा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो, आणि रेकॉर्डसाठी ठरलेल्या ‘इक्वलायझेशन’नुसार (रेकॉर्ड करताना दाबलेले खालचे स्वर वाजवताना पुन्हा वाढवण्याच्या पद्धतीनुसार) ॲम्प्लिफायर त्यातील ५० हर्ट्झला १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे ७ पट उचलून धरतो. म्हणजे जी वारंवारता नको, नेमकी तिचेच लाड होतात. रेकॉर्ड प्लेअरमधून निघणारी बारीक सुटी वायर ॲम्प्लिफायरच्या ‘ग्राउंड’ लिहिलेल्या स्क्रूला घट्ट आवळली आहे का ते पाहा. दुरुस्तीत ती हमखास विसरली जाते. प्लेअर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवला असेल तर हातभर बाजूला घ्या, कारण आतल्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र तांब्याच्या जाळीने अडत नाही, ते अंतरानेच क्षीण होते.

चरचर मात्र वेगळी. सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सेकंदाला १०० वेळा प्रवाह तोडतो आणि तो खरखराट वायरिंगमध्ये पसरतो. टकटक करत टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर लावा.

भिंतीबाबत : स्पीकरच्या वायरीतला संकेत दणकट असल्याने घूं तिथे सहसा शिरत नाही, तरीही सुरक्षिततेसाठी २३० व्होल्टच्या वायरीसोबत ती एकाच पाइपात कधीही घालू नये. वेगळा पाइप टाकून घ्या. रेकॉर्ड प्लेअरच्या वायरी भिंतीत अजिबात घालू नका. त्या शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात, विजेच्या वायरीला समांतर नेऊ नयेत, आणि ओलांडणे भागच पडले तर काटकोनात ओलांडाव्यात.