शेतात रोही (नीलगाय) आणि रानडुकरे हाकण्यासाठी कारवानी (मुधोळ) कुत्रा पाळावा का?

विदर्भातील उन्हाळ्यात कारवानी कुत्रा थोड्या काळजीने चांगला राहतो, परंतु हरभऱ्यातून रोही आणि रानडुकरे हाकण्याच्या कामासाठी तो घेऊ नये. ही दख्खनच्या पठारावरील जुनी शिकारी जात वासापेक्षा नजरेवर शिकार करते. खोल छाती, आत गेलेले पोट आणि लांब पाय हे सारे ससा किंवा हरिण गाठण्यासाठी आहे, त्यामुळे पळणारे जनावर दिसताच तो मागे लागतो आणि मग हाकेला क्वचितच परततो. सुळे असलेल्या डुकरासमोर त्याची पातळ कातडी सहज फाटते, शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत कुत्र्याकरवी पाठलाग करणेही येते. घराच्या व गोठ्याच्या राखणीसाठी मात्र तो सावध आणि मालकाशी एकनिष्ठ असतो. त्याला दिवसभर साखळीला बांधू नये. एप्रिल-मे महिन्यांत उजाडण्यापूर्वी मोकळे पळू द्यावे आणि पळून आल्यावर लगेच पोटभर खाऊ घालू नये. बरगड्या किंचित दिसणे या जातीत स्वाभाविक आहे, उगाच लठ्ठ करू नये. पावसाळ्यात कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड रोज पाहावेत, कारण त्यांच्यामुळे होणारा ताप जिवावर बेततो. रेबीजची लस दरवर्षी द्यावी. घरी शेळ्या-कोंबड्या असतील तर लहान पिल्लूच आणून त्यांच्यात वाढवावे. मोठा झालेला कुत्रा त्यांना शिकारच समजण्याची शक्यता असते.